काठवट बाहेर जेवायला गेली

मी काठवट बोलतेय. इकडेतिकडे बघू नका, ही काय, तुमच्या पुढ्यातच आहे. अक्रोडाच्या एका खोडातून अखंड कोरलेली, धड कवेतही न मावणारी. हल्ली माणसं आधी माझा फोटो काढतात आणि मग विचारतात, "खरं लाकूड आहे का हो हे?" लाकूड नाही तर काय, साबण? पण मी मनावर घेत नाही. या वयात कुणी वळून बघतंय हेच पुष्कळ झालं.

माझा जन्म अझ्रू गावाच्या वरच्या अंगाला, डोंगरात. तिथल्या मोहा सुताराचा हात चांगला, पण अंदाज कच्चा. एका लग्नासाठी काठवट सांगितली होती, ती त्यानं एवढी थोरली कोरून ठेवली की मुलीच्या आईनं कपाळाला हात लावला. "अरे, नवरा-बायको दोघंच राहणार आहेत," ती म्हणाली. मोहा म्हणाला, "आज दोघं आहेत. मी काय आजच्यापुरती करतो का वस्तू?" शेवटी मला घ्यावंच लागलं. मला बसच्या टपावर गाद्यांबरोबर आवळून बांधलं आणि नवरी मुलगी बतूल खाली खिडकीशी बसून रडत रडत समुद्राकाठच्या सले गावी आली. मला मात्र टपावर भलतीच मजा वाटत होती.

बतूलचा नवरा अल्लाल शिंपी होता. गल्लीच्या तोंडाशी एवढंसं दुकान, त्यात मांडी घालून बसायचा आणि पायघोळ झगे शिवायचा. कमाई बेताची, आणि ती सगळी जायची कुठं? तर पोटात. खोटं कशाला सांगू, गल्लीत सगळ्यांचंच तसं होतं. भाडं किरकोळ, कपडे ईदला, औषध म्हणजे जिरं नाहीतर मध. बाकी जे हातात येई ते गव्हाच्या पोत्यात, तेलात, चहात आणि निळ्या कागदातल्या साखरेच्या ढेपेत संपायचं. बतूल गहू निवडायची, गिरणीतून दळून आणायची आणि रोज सकाळी माझ्यात कणीक तिंबायची. पावाचे गोळे फळीवर मांडून गल्लीच्या भट्टीत धाडले की माझं सकाळचं काम संपलं.

शुक्रवारी मात्र मला उसंत नसे. शुक्रवार म्हणजे कुसकुस. माझ्यात रवा ओतायचा, मिठाचं पाणी शिंपडायचं आणि तळहातानं गोल गोल फिरवत राहायचं, की बारीक बारीक दाणे वळले जातात. मग एक वाफ द्यायची, पुन्हा माझ्यात पालथं करायचं, हातानं मोकळं करायचं, पुन्हा वाफ, पुन्हा माझ्यात. चटके सोसून बतूलच्या तळहातांना रंग चढायचा. शेवटी मुरवलेल्या लोण्याचा गोळा. त्या लोण्याचा वास असा की पाहुणा नवखा असेल तर नाक धरेल आणि घरचा असेल तर धावत येईल.

नमाज आटोपून अल्लाल आला की सगळे माझ्याभोवती बसत. पण त्याआधी पहिला वाडगा मशिदीच्या पायरीवर जायचा, तिथं बसलेल्यांसाठी. मग आपण. प्रत्येकानं आपापल्या पुढ्यातलं खायचं, शेजाऱ्याच्या हद्दीत हात घालायचा नाही. मधोमध भाज्यांचा डोंगर, त्यावर मटण. मटणाला कुणी शिवायचं नाही, ते शेवटी बतूल वाटणार. नजरा मात्र पहिल्या घासापासून तिथंच खिळलेल्या.

आणि बाहेर खाणं? अल्लालचं त्यावर ठाम मत होतं. "बाहेर कोण खातं? एक प्रवासी, दुसरा शिपाई आणि तिसरा बायकोनं हाकललेला." पण हाच पठ्ठ्या संध्याकाळी बाजाराच्या वेशीपाशी उभ्याउभ्या गोगलगायींच्या रश्श्याचा वाडगा रिचवून यायचा. त्या रश्श्यात रानातला पाला घालतात, तो झग्याला दरवळत राहतो. बतूल पावाचा तुकडा पुढं करत म्हणायची, "आज भूक दिसत नाही. गोगलगायींच्या गाडीवरून आलात वाटतं?"

"वारा तिकडून होता," अल्लाल म्हणायचा.

"मिशीवर पण वाराच सांडलाय," ती म्हणायची. तेवढा खर्च घरखर्चात कधी धरला गेला नाही.

त्यांचा एकुलता एक मुलगा नौफल. शिकला, नदीपलीकडं रबातला टेलिफोनच्या कचेरीत लागला आणि पहिला पगार झाला तशी आई-बापाला जेवायला घेऊन गेला. टेबलावर पांढरी चादर असलेल्या हॉटेलात. मी तिथं नव्हते, पण पुढं ती हकिकत घरात इतक्यांदा सांगितली गेली की मला ती चादरसुद्धा पाठ आहे.

तिघांपुढं तीन बशा आल्या. बतूलपुढं मासा, नौफलपुढं कोंबडी, अल्लालपुढं सळईवरचं मटण. अल्लालनं एकदा या बशीकडं बघितलं, एकदा त्या बशीकडं. मग वाढप्याला हाक मारली. "बाळा, एक मोठं ताट आण."

ताट आलं. अल्लालनं तिन्ही बशा त्यात उपड्या केल्या, भात बाजूनं पसरला, मासा-कोंबडी-मटण मधोमध रचलं आणि बाह्या सरसावल्या. "हं, आता बसल्यासारखं वाटतंय. बतूल, शेवटी तू वाट." शेजारच्या टेबलावरची माणसं चमचे हातात धरून बघत राहिली. नौफलचे कान लाल झाले, पण करतो काय, आपल्या पुढ्यातलं खायला लागला.

घरी आल्यावर अल्लालनं निकाल दिला. "जेवण बरं होतं. पण तेवढ्या पैशात महिन्याचं तेल आलं असतं. आणि पोट काही भरलं नाही." मग दोघांनी पाव आणि ऑलिव्ह खाल्ले. पुढच्या महिन्यात पगाराचा दिवस जवळ आला तसा अल्लाल दाढी करून, टोपी झटकून बसला. "काय रे, या महिन्यात नाही का जायचं?" माणसांचं हे असंच असतं. नावं ठेवतात आणि चप्पल शोधायला लागतात.

मग दिवस भराभर पालटले. गल्लीतली भट्टी बंद झाली, पाव दुकानातून यायला लागला. कुसकुस पुड्यात मिळायला लागली. नौफलचं लग्न झालं. केंझा, त्याच्याच कचेरीतली, हसरी पोरगी. दोघांनी रबातला फ्लॅट घेतला. रीम जन्मली. आणि एका हिवाळ्यात अल्लाल गेला. दुकान तसंच राहिलं, सुई कापडात टोचलेली. बतूल कितीतरी शुक्रवार त्याच्या बाजूला मूठभर जास्त वाढायची आणि मग ते मांजरीला घालायची. मला ते बघवत नसे.

सुरुवातीला नौफलचं कुटुंब दर शुक्रवारी ट्रामनं यायचं. मग एक आड एक शुक्रवार. मग फोन. "यम्मा, या शुक्रवारी जमत नाही गं, कामं फार." मग फक्त ईद.

मी त्यांना नावं ठेवणार नाही. दोघंही दमून घरी येतात. त्यांच्याकडं पैसे आले होते, वेळ गेला होता. आधी महिन्यातून एकदा बाहेर जेवायचे, मग दर शनिवारी, मग बाहेर जायचाही कंटाळा आला आणि बाहेरचं जेवणच घरात यायला लागलं. रीमनं एकदा आजीला ऐटीत सांगितलं होतं, "जद्दा, आमच्याकडं जेवण मोटरसायकलवरून येतं."

"आणि आई-बाबा?" बतूलनं विचारलं.

"ते उशिरा येतात."

बतूलनं एकटीसाठी कुसकुस करायची सोडली. एका माणसासाठी मला भरायचं म्हणजे रिकाम्या अंगणात हाका मारण्यासारखं. तिनं मला पुसलं आणि दाराआड उभं करून ठेवलं. मग माझ्यात कपड्यांचे चिमटे आले. मग मांजर आली, आणि तिच्यामागून तिची पिल्लं. तेल मिळेना तशी मी सुकले आणि काठाला एक भेग गेली. भेग पडताना आवाज होतो, तो ऐकून बतूल धावत आली. माझ्या काठावरून बोट फिरवलं आणि तिथंच खाली बसली.

तिला काय हवं होतं ते मला ठाऊक होतं. शुक्रवारी आपली माणसं माझ्याभोवती बसावीत, बस्स. पण ते मागायचं नाही, ही तिची जिद्द. मागून आलेली माणसं घड्याळाकडं बघत जेवतात, असं ती मांजरीला सांगायची. नौफल दर महिन्याला पैसे न चुकता पाठवायचा. ती ते मोजायचीसुद्धा नाही.

अशातच एका गुरुवारी बूअज्जा दारात उभा राहिला. हा पूर्वीचा शेजारी, आता ट्रामच्या थांब्याजवळ त्याची खानावळ आहे. घामाघूम झालेला.

"लल्ला बतूल, मला वाचवा. माझी स्वयंपाकीण लेकीच्या बाळंतपणाला गेली. उद्या शुक्रवार."

"मग मी काय करू?"

"कुसकुस. एकच शुक्रवार."

बतूल ताठ झाली. "शुक्रवारची कुसकुस विकायची? अरे, ती वाढायची वस्तू आहे. तुला काही जनाची नाही तर मनाची?"

"लल्ला, तुम्हीच सांगा. कचेऱ्यांतली सगळी माणसं उद्या दुपारी आईच्या हातचं शोधत माझ्याकडं येणार. कुणाची आई गावी, कुणाची देवाघरी. त्यांना काय दगड वाढू?"

बतूलनं दाराआड उभ्या असलेल्या माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "पहिला वाडगा मशिदीच्या पायरीवर जाईल. त्याचे पैसे घ्यायचे नाहीत."

"कबूल."

"आणि माझं नाव कुणाला सांगायचं नाही. नौफलच्या कानावर गेलं तर जिवाला लावून घेईल. लोक म्हणतील, पोरगा आईला पोसत नाही."

"कबूल. उद्या परात, भांडी सगळं तयार ठेवतो."

"परात ठेव तुझ्याकडं. ही येईल माझ्याबरोबर," ती म्हणाली आणि दाराआडून मला ओढलं. चिमटे जमिनीवर सांडले. मांजर रागावून निघून गेली. त्या रात्री मला गरम पाण्यानं धुतलं, भेगेत मेण भरलं आणि अंगभर तेल चोळलं. काय सांगू तुम्हाला, नव्या नवरीची हळद काय असेल तसं वाटलं मला.

एक शुक्रवार म्हणता म्हणता सगळेच शुक्रवार आमचे झाले. ती स्वयंपाकीण नातवात रमली, परत आलीच नाही. आणि खानावळीत अशी गर्दी व्हायला लागली की बूअज्जानं फुटपाथवर बाकडी टाकली. टाय लावलेले बाप्ये पहिला घास घेऊन डोळे मिटायचे. बतूल स्वयंपाकघराच्या पडद्याआडून बघायची आणि मला म्हणायची, "बघ बघ, तो टकला. तिसऱ्यांदा घेतोय."

पण आपली माणसं ती आपली माणसं. टकल्यानं तिसऱ्यांदा घेतलं तरी तिचा घास घशाखाली सुखानं उतरत नव्हता.

मग एके दिवशी बूअज्जा डबे बांधता बांधता बडबडला, "हा रबातवाला एक गिऱ्हाईक, लल्ला, देवमाणूस. दर शुक्रवारी तिघांची कुसकुस मागवतो. नदीपलीकडून. आणण्याचे पैसे जेवणाइतके होतात, तरी मागवतो. फक्त एक कटकट, सलगम चालत नाही. सलगमाचा वाससुद्धा नको म्हणतो."

बतूलचे हात माझ्यात थांबले. सलगम न खाणारा सबंध मुलखात एकच प्राणी तिला माहीत होता. लहानपणी आपल्या पुढ्यातला सलगम बापाच्या हद्दीत ढकलायचा आणि शपथेवर सांगायचा की तो आपोआप घरंगळला.

"नाव काय त्याचं?" तिनं विचारलं.

बूअज्जानं फोनमध्ये बघितलं. "नौफल." मग तोंडाचा आ करून तिच्याकडं बघत राहिला. "लल्ला, आपला नौफल?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच दमात ती म्हणाली, "गाढव." आनंद झाला होता आणि राग आला होता, दोन्ही एकदम. पोरगा दर शुक्रवारी तिच्याच हातचं खात होता. आईकडं यायला वेळ नव्हता म्हणून आईच्याच हातचं, दामदुप्पट पैसे मोजून, मोटरसायकलवरून.

तिनं नवा डबा घेतला. कुसकुस भरली, भोपळा, गाजर, चणे रचले. मग रश्श्यातून चांगले जाडजूड चार सलगम उचलले, मटणाच्या खाली दडपले, वर लोण्याचा गोळा ठेवला आणि झाकण लावलं. माझ्याकडं बघून डोळा मिचकावला की काय असं मला वाटलं.

तासाभरात फोन वाजला. बूअज्जाचे हात कोळशानं भरलेले, त्यानं कोपरानं बटण दाबून फोन माझ्या शेजारी ओट्यावर ठेवला. नौफलचा आवाज अख्ख्या स्वयंपाकघरात घुमला.

"काय राव, किती वेळा सांगायचं? सलगम नको म्हटलं होतं ना? मटणाच्या खाली तीन निघाले."

बतूल माझ्यातला रवा वळता वळता पुढं वाकली. "तीन नाही, चार होते. एक रीमनं खाल्ला असेल. तिला आवडतो."

पलीकडून अगदी बारीक आवाज आला. "यम्मा?"

"हो. गार व्हायच्या आत खा. आणि फोन ठेव, माझे हात भरलेत."

तो सबंध आठवडा बतूल घरात चिडचिड करत होती. आता तो काय म्हणेल, तोंड दाखवेल की कायमचा रुसेल, हेच तिच्या डोक्यात. मलाही धाकधूक होती. पुढच्या शुक्रवारी नमाजाच्या आधीच तिघं खानावळीच्या दारात हजर. नौफलचा चेहरा उतरलेला, केंझा त्याच्यामागं, रीम मात्र सरळ आत येऊन माझ्या काठावर हनुवटी टेकून उभी राहिली.

"यम्मा, हे काय चाललंय?" नौफल हळू आवाजात म्हणाला. "लोक काय म्हणतील? मी पैसे पाठवतो ना दर महिन्याला?"

"येतात रे पैसे. ते माझ्यासमोर बसून जेवत नाहीत."

नौफल खाली बघायला लागला. बोलली ती केंझा. "लल्ला, यांची चूक नाही. मीच टाळत होते. तुम्ही सकाळपासून एकट्या राबायच्या आणि मी पाहुण्यासारखी बसायची. मला हे वळता येत नाही. एकदा प्रयत्न केला तर नुसते गोळे झाले, ते यांनी गुपचूप खाल्ले. तुमच्या शेजारणी विचारायच्या, सूनबाईंना काय काय येतं? मला लाज वाटायची. मग म्हटलं, विकत आणलेलं बरं, तिथं कुणी विचारत नाही."

बतूलनं तिच्याकडं नीट बघितलं. मला वाटतं पहिल्यांदाच. "अगं वेडे," ती म्हणाली, "मला कुठं येत होतं? माझे पहिल्या वर्षाचे गोळे अल्लालनं दुकानात नेतो म्हणून गल्लीतल्या कोंबड्यांना घातले. ही साक्षीला आहे." आणि माझ्यावर थाप मारली. खरंच आहे ते. मी इतकी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

बूअज्जा तीन बशा घेऊन आला. बतूलनं त्या त्याच्या हातातून काढून घेतल्या आणि मलाच उचलून टेबलावर ठेवायला लावलं. मी आयुष्यात पहिल्यांदा टेबलावर बसले. बतूलनं एप्रन सोडला, खुर्ची ओढली आणि त्या खानावळीत पहिल्यांदाच दुसऱ्याच्या हातून चहा ओतून घेत गिऱ्हाईक म्हणून बसली. चौघंही गप्पा मारत जेवले. घड्याळाकडं कुणी बघितलं नाही, मी लक्ष ठेवून होते. टकला पलीकडून मटणाकडं बघत होता, त्यालाही एक तुकडा गेला.

जेवणं झाली. नौफल हात पुसत उठला, आईच्या कपाळावर ओठ टेकले आणि निघाला.

"अरे ए," बतूल म्हणाली. "पैसे?"

"यम्मा, तू माझ्याकडून पैसे घेणार?"

"घरी फुकट होतं तेव्हा तुला वेळ नव्हता. इथं पैसे पडतात."

बूअज्जानं तोंड फिरवून खोकल्याचं नाटक केलं. केंझानं पदर नाही म्हणून रुमालच तोंडाला लावला. नौफलनं निमूटपणे दोनशे दिरहमची नोट काढून टेबलावर ठेवली आणि सुट्या पैशांची वाट बघत उभा राहिला. बतूलनं ती नोट घडी घालून कमरेला खोचली.

"यम्मा, उरलेले?"

"ते पुढच्या शुक्रवारचे आगाऊ. आला नाहीस तर बुडाले."

झालं. तेव्हापासून दर शुक्रवारी तो पैसे देतो, दर शुक्रवारी काहीतरी वर उरतं आणि ते काही त्याला परत मिळत नाही. एकही शुक्रवार बुडालेला नाही. केंझा आता लवकर येते, माझ्यात हात घालते. अजून गोळे होतात, पण बारीक होतात.

तर मंडळी, असं माझं चाललंय. भेग आहे, पण मेण धरून आहे. तुम्ही घरी जेवा, बाहेर जेवा, मोटरसायकलवरून मागवा, मी कोण सांगणारी? फक्त तुमच्या दाराआड माझ्या जातीचं कुणी उभं असेल तर त्यातले चिमटे काढा आणि जरा तेलाचा हात फिरवा. पुढचं ते बघून घेईल. आता मला सोडा, बतूल रव्याची पिशवी घेऊन येतेय आणि तिला बोलणारी भांडी आवडत नाहीत.